मुकी गाणी

आमच्या घरी गाणी आधी दिसली, ऐकू फार उशिरा आली.

कारण आबांची रातपाळी. आबा चादरीच्या कारखान्यात जॉबर होते. जॉबर म्हणजे माग चालवणारा नव्हे, अडलेला माग चालता करणारा. रात्रभर ते निस्तरून सकाळी घरी यायचे, कडक भाकरी दह्यात चुरून त्यावर शेंगाचटणी घालून खायचे आणि पडायचे ते थेट चार वाजेपर्यंत. माझी शाळा सकाळची, त्यामुळं साडेबाराला मी घरात. खोली एकच. एका भिंतीला आबा, समोरच्या भिंतीला टीव्ही, आणि भिंतीपलीकडं शेजाऱ्यांचे चार यंत्रमाग. सोलापूरच्या पूर्व भागात राहिलेल्यांना पुढचं सांगायला नको. त्या खटाक-फटाकमध्ये आबा डाराडूर असायचे. लाईट जाऊन माग थांबले की मात्र ताडकन उठून बसायचे आणि "काय झालं?" म्हणायचे. टीव्ही नुसता कुजबुजला तरी जाग. म्हणून घरात एक नियम होता: बघायचं ते बघा, पण मुकं.

मुक्या टीव्हीवर मालिका कळत नाही, बातम्या तर नाहीच नाही. क्रिकेट कळतं, पण ते रोज नसतं. उरली गाणी.

आमच्याकडं केबल आली 1996च्या शेवटी. केबलवाल्या अण्णांनी तीन घरांच्या पत्र्यांवरून काळी वायर ओढत आणली आणि खिडकीच्या गजातून आत घेतली. ती वायर सगळ्या गल्लीची होती, म्हणून तिच्यात सगळं होतं. तेलुगू जेमिनी आणि ईटीव्ही, कन्नड उदया, हिंदी, मराठी, आणि त्यात कुठंतरी मध्येच चॅनल व्ही आणि नव्यानं आलेलं एमटीव्ही, दोन्ही गाण्यांची चॅनलं. आमच्या गल्लीत ही शेवटची दोन कुणी मागितली नव्हती. चटणीबरोबर कांदा यावा तशी ती आली होती.

आवाज नसला की माणूस दुसऱ्या खुणा शोधतो. महिनाभरात माझं वर्गीकरण तयार झालं. हात पुढं फेकत बोलतात ते रॅप. केस फेकतात ते रॉक. कुणीच काही फेकत नाही आणि धूर सोडलेला असतो ते प्रेमगीत. गायक कॅमेऱ्याकडं न बघता बुटांकडं बघत असेल तर गाणं उदास आणि गायक अमेरिकेतला. एकसारखे कपडे घातलेली पाच पोरं पावसात नाचत असतील तर ती बहिणींच्या वह्यांत चिकटवायची. शास्त्र म्हणून हे फार वाईट नव्हतं. नंतर पाहिलं, तर दहातली सहा-सात तरी बरोबर निघाली.

गाणं सुरू होताना आणि संपताना डाव्या कोपऱ्यात खाली चार ओळी यायच्या: गायक, गाणं, अल्बम, कंपनी. त्या जेमतेम पाच-सहा सेकंद टिकायच्या. आबांच्या कारखान्यातून आलेल्या जुन्या रजिस्टरच्या कोऱ्या बाजूला मी त्या उतरवून घ्यायचे. स्पेलिंग वाचून नाव ठरवायचं, दुसरा उपाय नव्हता. एक गायिका होती, केस घट्ट मागं बांधलेले, कपाळ मोठं, हालचाल जवळपास नाहीच. तिचं नाव मी 'साडे' असं लिहिलं. दादा विचारायचा, "साडे किती?" तिला आम्ही बरीच वर्षं साडेतीनच म्हणत होतो. त्याचा उच्चार 'शाडे' असा आहे हे कळलं तोवर मला नोकरी लागली होती.

गाणी दिवसातून तीन-चारदा फिरून यायची. दुपारी मुकं पाहिलेलं गाणं आबा उठल्यावर, चहाच्या वेळेला, आवाजासकट भेटायचं. लग्नाच्या आधी नुसता फोटो पाहिलेला असतो, त्यातली ही गत. पिरॅमिडसमोर एकटाच भटकणारा लकी अली मी पंधरा दिवस मुका पाहिला होता. दादाच्या मते तो भूगोलाचा कार्यक्रम होता. आवाज आला तेव्हा चकित झाले ते त्याच्या कमीपणानं. हिंदी गाणं म्हणजे शंभर व्हायोलिनं, कोरस आणि गळा काढून मारलेली तान, असंच तोवर डोक्यात होतं. हा माणूस शेजारी बसून बोलल्यासारखा गात होता आणि मागं गिटार.

नुसरत फतेह अली खानांचं उलटं झालं. त्यांच्या 'आफरीन'मध्ये मॉडेल लिसा रे होती, त्यामुळं मुक्या दुपारी ते गाणं तिचं होतं. सगळी गल्लीच तसं समजायची, दादाचे मित्र तर फारच. मग एका संध्याकाळी आवाज होता. पहिली तान वर चढली आणि ती मुलगी पडद्यावर असूनही मला दिसेनाशी झाली. आबा चहाची बशी तोंडाशी धरून थांबले. "ह्याचा पट्टा तुटत नाही," म्हणाले. जॉबरच्या तोंडून यापेक्षा मोठी दाद मी ऐकलेली नाही.

आणि एकदा आईनं घाबरवलं. पडद्यावर मेणबत्त्या, पांढरी लिलीची फुलं, मध्ये ढगळ स्वेटर घातलेला, विस्कटलेल्या केसांचा पोरगा गिटार घेऊन बसलेला. आई निवडत असलेली मेथी तशीच ठेवून हळू आवाजात म्हणाली, "कोण गेलंय गं?" मी म्हणाले, कुणी नाही, गाण्याचा कार्यक्रम आहे. कोपऱ्यातली ओळ मी लिहून घेतली: निर्वाणा, अनप्लग्ड. पुष्कळ वर्षांनी वाचलं की नोव्हेंबर 1993मध्ये न्यूयॉर्कला ते चित्रीकरण झालं आणि अंत्यविधीसारखी सजावट खुद्द त्या पोरानंच, म्हणजे निर्वाणा बँडचा गायक कर्ट कोबेननं, मागितली होती. एप्रिल 1994मध्ये तो गेला. म्हणजे आम्ही बघत होतो तेव्हा आईचा प्रश्न बरोबर होता आणि माझं उत्तर चूक.

मुकं म्हणते खरं, पण पूर्ण मुकं काहीच नव्हतं. भिंतीपलीकडचे माग होतेच. साधा यंत्रमाग मिनिटाला शंभर-सव्वाशे वेळा आडवा धागा नेणारा धोटा फेकतो. शिकागोच्या क्लबांत जन्मलेलं हाऊस हे नाचाचं संगीतही मिनिटाला साधारण 120 ते 130 ठोक्यांचं असतं. हा हिशोब मी आता मांडते. तेव्हा एवढंच दिसायचं की काही गाण्यांत नाचणाऱ्यांचे पाय शेजाऱ्यांच्या मागावर पडतात. अगदी बरोबर पडतात! मधेच धागा तुटून एक माग थांबायचा आणि लंडनचे नाचे क्षणभर चुकल्यासारखे वाटायचे.

त्यामुळं आबांना पाश्चात्त्य संगीत समजावून द्यायची वेळच आली नाही. रेगे लागलं की ते म्हणायचे, "हा ठोका मुद्दाम मागं ठेवतोय." ते खरंच आहे, त्या संगीताचा जोर ऑफबीटवरच, म्हणजे दोन ठोक्यांच्या मधल्या जागेवरच असतो. हेवी मेटलची दादाला भीती होती की आबा टीव्हीच काढून टाकतील. एका रविवारी ते सापडलंच. लांब केसांचे चौघे, ड्रमवाला दोन्ही पायांनी सुटलेला. आबा दाढी करता करता आरशातून बघत राहिले.

"काय बघायलीस गं?"

"गाणं आहे आबा."

"हे गाणं? हे तर आमचं खातं आहे." थोडं ऐकून म्हणाले, "पण माग चांगला लावलाय. कुठं सुटत नाही."

या बाजाची पायाभरणी करणाऱ्या ब्लॅक सबाथ या बँडचा गिटारवाला टोनी आयोमी बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात होता. सतराव्या वर्षी मशिनीत त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा तोच हात. प्लॅस्टिक वितळवून त्यानं बोटांना टोपणं केली, पुढं तारा सैल लावल्या, आणि त्यातून तो जड, खालचा आवाज निघाला. हे मी आबांना फोनवर सांगितलं तेव्हा गायकाचं, गाण्याचं काही न विचारता त्यांनी विचारलं, "भरपाई दिली का कंपनीनं?"

पण गाणं ऐकायचं कसं, हे मी शिकले ते या दोन चॅनलांवर नाही. ते शेजारच्या अक्कांकडं. अक्का दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळायच्या आणि ईटीव्हीवरचा 'पाडुता तीयगा' आला की मला हाक मारायच्या. 1996मध्ये सुरू झालेल्या त्या कार्यक्रमात एस. पी. बालसुब्रमण्यम पोरांची गाणी ऐकायचे, मग चुकलेली ओळ स्वतः गाऊन दाखवायचे, आणि गाणं कुणी लिहिलं, कुणी बांधलं तेही सांगायचे. मला तेलुगू येतं ते भाजीपुरतं. तरी कुठं श्वास चुकला आणि कुठं सूर घसरला ते कळायचं, कारण तिथं अक्कांचा हात विडीवर थांबायचा.

चॅनल व्ही 2018मध्ये बंद झालं. एमटीव्हीवर त्याच्या किती तरी आधीपासून गाण्यांपेक्षा भांडणं जास्त लागत होती, मी बघणं सोडून दिलं होतं. रजिस्टर अजून आहे. मागच्या दिवाळीत त्यातली नावं फोनवर शोधत बसले. बहुतेक गाणी दोन मिनिटांत सापडली. काही अजिबात आवडली नाहीत. एक मला अर्धवट वाटत राहिलं, आणि लक्षात आलं की ते मी फक्त दुपारी पाहिलं होतं, मागांसकट.

आबा आता चौऱ्याहत्तरचे. मागांनी जे घ्यायचं ते कानातून घेतलं. टीव्हीचा आवाज इतका असतो की यंदा गड्ड्याच्या यात्रेला माहेरी गेले तर अक्कांची सून दारात आली. "जरा बारीक करता का, बाळ झोपलंय." मी रिमोट घेतला आणि आवाज शून्यावर आणला. पडद्यावर कुणीतरी ढोलकी वाजवत होतं. आबांनी माझ्याकडं पाहिलं नाही. खुर्चीच्या हातावर बोटं आपटत ते तसेच बघत राहिले.