सव्वीस जागा आणि पाच जागा

फिजीच्या संसदेत 55 जागा आहेत आणि डिसेंबर 2022 च्या निवडणुकीत नॅशनल फेडरेशन पार्टीला त्यांपैकी फक्त 5 मिळाल्या. तरीही सितिवेनी राबुका 28 विरुद्ध 27 मतांनी पंतप्रधान झाले, ते या पाच मतांवाचून शक्य नव्हते. छोट्या पक्षांना सत्तेच्या कुबड्या ठरवून आपण सहज मोकळे होतो, पण या पक्षाच्या बाबतीत तसे करणे मला अन्यायाचे वाटते.

हा पक्ष उसाच्या फडातून आला. करारावर भारतातून नेलेल्या गिरमिटिया मजुरांचे वंशज खंडाच्या जमिनीवर ऊस पिकवत आणि तो सीएसआर या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या कारखान्यांना घालत. ऊसउत्पादकांच्या 1960 च्या संपानंतर काही वर्षांतच, मूळचे गुजरातचे बॅरिस्टर ए. डी. पटेल यांच्या नेतृत्वाखाली पक्ष उभा राहिला. 1969 मध्ये त्यांनी ब्रिटिश न्यायाधीश लॉर्ड डेनिंग यांच्या लवादापुढे ऊसउत्पादकांची बाजू मांडली; निवाड्याने शेतकऱ्यांना उत्पन्नातील 65 टक्के वाटा दिला, पण तो पाहायला पटेल हयात नव्हते. कंपनीने 1973 मध्ये फिजी सोडले.

मला सर्वांत जास्त बोचते ते 1977 साल. त्या वर्षी एप्रिलमध्ये 52 पैकी 26 जागा जिंकून हा पक्ष सर्वांत मोठा ठरला, पण नेता कोण या वादात मोलाचे दिवस गेले आणि गव्हर्नर जनरलनी पराभूत झालेले आधीचे पंतप्रधान रातू मारा यांनाच पुन्हा त्या पदावर नेमले. सप्टेंबरच्या फेरनिवडणुकीत ‘फूल’ आणि ‘कबूतर’ या निशाण्यांवर पक्षाचेच दोन गट एकमेकांविरुद्ध लढले आणि पक्षनेते सिदिक कोया यांचा लौटोकात पराभव जय राम रेड्डी यांनी, म्हणजे त्यांच्याच पक्षातील माणसाने केला.

पुढे 1987 मध्ये लेबर पार्टीबरोबर सत्ता मिळाली, ती महिन्याभरात लष्करी उठावाने गेली. उठाव करणारे अधिकारी होते हेच राबुका. त्यांच्याशीच बोलणी करून रेड्डींनी 1997 ची राज्यघटना घडवली आणि 1999 मध्ये पक्षाला एकही जागा मिळाली नाही. मतदारांनी त्या समजूतदारपणाला दिलेली ही शिक्षा मला फार कठोर वाटते.

राबुकांनी मे 2023 मध्ये उठावाबद्दल जाहीर क्षमा मागितली, तेव्हा या पक्षाचे नेते बिमन प्रसाद त्यांच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री होते. उसाच्या जमिनींच्या भाडेपट्ट्यांचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही, आणि मुदत संपलेल्या पट्ट्यांवरून उठलेली कित्येक कुटुंबे कायमची परदेशी गेली आहेत.