पाया आणि जोते

संस्थांच्या स्मरणिकांमध्ये एक वाक्य थोड्याफार फरकाने वारंवार आढळते: ‘या संस्थेचा पाया अनेक आधारस्तंभांवर उभा आहे.’ लिहिणाऱ्याची कृतज्ञता खरी असते, परंतु वाक्यात इमारत उलटी झालेली असते, कारण स्तंभ पायावर उभे राहतात, पाया स्तंभांवर नाही. वास्तूला खालून तोलून धरणाऱ्या प्रत्येक भागासाठी मराठीत स्वतंत्र आणि नेमका शब्द आहे. हे शब्द लेखनात एकमेकांच्या जागी सरसकट वापरले जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पाया जमिनीखाली असतो. देशावरची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यावर थेट उभारलेल्या भिंतीला तडे जातात. म्हणून मुरूम किंवा कातळ लागेपर्यंत खणायचे आणि ‘कठीण लागले’ असे गवंड्याने सांगितल्यावरच पाया भरायला घ्यायचा, अशी रीत आहे. जमिनीच्या वर येऊन घरातल्या फरशीपर्यंत पोहोचणारा भाग म्हणजे जोते. पावसाचे पाणी आणि ओल घरात शिरू न देणे हे त्याचे मुख्य काम. बांधकामाच्या व्यवहारात हा भेद आजही पाळला जातो; महापालिकेच्या कागदपत्रांत जोते तपासणीचा दाखला असतो आणि त्याला कोणी पाया तपासणी म्हणत नाही. लेखनातून मात्र जोते जवळजवळ हद्दपार झाले आहे.

हा भेद डोळ्यांनी पाहायचा असेल तर पुण्याचा शनिवारवाडा पाहावा. पहिल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी त्याची पायाभरणी केली आणि १८२८ च्या आगीत आतले लाकडी महाल जळून गेले. तटबंदी व दरवाजे ओलांडून आत गेल्यावर हिरवळीच्या मध्ये जे दगडी चौथरे दिसतात, त्यांना पाहणारे पुष्कळजण ‘वाड्याचा पाया’ म्हणतात. ती जोती आहेत. पाया अजूनही जमिनीतच आहे आणि तो कोणाला दिसत नाही. महाल किती लांब-रुंद होता, पायऱ्या कोणत्या बाजूला होत्या, हे सांगते ते जोते. रायगडावरची बाजारपेठही आज जोत्यांवरूनच ओळखू येते. एखादी मोठी चळवळ ओसरल्यानंतर तिच्या मागे उरलेल्या शाखा, वाचनालये आणि तालमी यांच्यासाठी ‘जोती उरली आहेत’ असे कोणी लिहिले, तर ते मला अतिशय अर्थपूर्ण वाटेल, कारण त्यात नाश आणि मूळ आराखडा या दोन्ही गोष्टी एकाच शब्दात येतात.

असाच आणखी एक शब्द वाड्यांबरोबर मागे पडत चालला आहे, तो म्हणजे तळखडा. जुन्या वाड्यातला लाकडी खांब जमिनीवर टेकवलेला नसतो. त्याच्याखाली घडीव दगड असतो, आणि खांबाचा बुंधा ओलीपासून व वाळवीपासून दूर राहावा यासाठी तो मुद्दाम थोडा उंच ठेवलेला असतो. छपराचे वजन तुळईवरून खांबावर, खांबावरून तळखड्यावर, तिथून जोत्यात आणि शेवटी पायात उतरते. साऱ्या घराचे ओझे पाया घेतो, तळखडा एकाच खांबाचे घेतो. एका कर्त्या माणसाला आयुष्यभर सांभाळणाऱ्या व्यक्तीसाठी हा शब्द किती चपखल आहे! तिथे आपण सवयीने ‘आधारस्तंभ’ लिहितो आणि तिला तिच्या जागेवरून उचलून खांबाच्या जागी नेऊन ठेवतो.

कोनशिलेचे वजनाशी फारसे नाते नसते. ती समारंभाची असते. मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाची कोनशिला आधी बसवली गेली, त्याचा अंतिम आराखडा नंतर १९१४ मध्ये मंजूर झाला, त्यानंतर समुद्रात भराव घालण्यात आला आणि प्रत्यक्ष पाया पूर्ण झाला तो १९२० मध्ये. ‘कोनशिला बसवली’ आणि ‘पाया घातला’ यांत येथे कित्येक वर्षांचे अंतर आहे. बातम्यांत भूमिपूजन, कोनशिला आणि पायाभरणी हे तिन्ही शब्द एकाच दिवशी उरकले जातात, तेव्हा हे अंतर वाचकापासून लपते.

वेरूळच्या कैलास लेण्याविषयी ‘आधी कळस, मग पाया’ असे म्हटले जाते. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळाशी जोडले जाणारे हे मंदिर वरून खाली कोरत आणले, एवढे त्यात खरे आहे. पण शेवटी जे कोरले गेले ते मंदिराचे अधिष्ठान, म्हणजे ज्यावर मंदिर विसावलेले दिसते तो हत्तींच्या रांगांचा उंच तळभाग. पाया तिथे घातलेलाच नाही. हत्ती मंदिर पेलताना दिसतात, परंतु ते, वरचे मंदिर आणि खालचा डोंगर हा एकच अखंड कातळ आहे. ‘नैतिक अधिष्ठान’ असे आपण म्हणतो तेव्हा मला हाच अर्थ अभिप्रेत वाटतो: वरच्या गोष्टीपासून वेगळे न काढता येणारे.

विशेषणांच्या बाबतीत मराठीने फार सुंदर विवेक दाखवला आहे. राज्यघटनेतील हक्क ‘मूलभूत’ आहेत आणि रस्ते, वीज, पाणी या सुविधा ‘पायाभूत’. मूळ आपोआप फुटते, पाया कोणीतरी घालावा लागतो. हक्क माणसाला जन्मतः असतात आणि रस्ता शासनाने बांधायचा असतो, हे या दोन शब्दांतच आले आहे. ‘पायाभूत हक्क’ असे कुठे छापलेले दिसले की मी थबकतो.

क्रियापदेही ठरलेली आहेत. पाया खचतो, आधार तुटतो, बैठक मोडते आणि टेकू काढून घेतला जातो. आरोप निराधार असतो तसा बिनबुडाचाही असतो, पण ‘बिनपायाचा आरोप’ असे कोणी म्हणत नाही. टेकू हा मुळातच तात्पुरता असतो, त्यामुळे बाहेरून दिलेल्या पाठिंब्याला मराठी वृत्तपत्रे ‘टेकू’ म्हणतात ते अगदी योग्य आहे. असे सरकार कोसळल्यावर मात्र ‘सरकारचा पाया खचला’ असा मथळा देऊ नये. त्या सरकारला टेकूच होता आणि तो काढून घेतला गेला.