बाळंतिणीचं पोट चोळण्याआधी

आजही तेच ऐकलं, "मावशी, पोट जोरात दाबा, म्हणजे आत जाईल." दाबून काही आत जात नाही हो! बाळंत झाल्यावर गर्भाशय बेंबीच्या आसपास असतं, रोज साधारण बोटभर खाली सरकतं आणि 10 ते 14 दिवसांत ओटीपोटात उतरतं. ते आपणहून आकसतं. बाळाला पाजताना पोटात कळ येते ती त्याचीच.

मालिशचा खरा फायदा कंबर, पाठ आणि मांड्यांना. तिळाच्या तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवून तेल कोमट करावं, थेट गॅसवर नको. मनगटावर थेंब टाकून बघावा. बाळंतिणीला कुशीवर घ्यावं. अंगठे मणक्यावर नाही, मणक्याच्या दोन्ही बाजूंनी कमरेपासून वर न्यावेत. पाय घोट्याकडून मांडीकडे. पोटावर नुसता तळवा, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, हलका. वात धरला असेल तर मोकळं वाटतं.

सिझेरियन असेल तर टाक्यांवर तेल नाही आणि सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी तपासून हो म्हटल्याशिवाय पोटाला हात नाही. पाठ, पाय चालतात.

छाती दगडासारखी झाली की रगडू नये, आतली सूज वाढते. बाळाला पाजावं, मग थंड घडी ठेवावी.

आणि एकच पोटरी सुजून गरम लागत असेल, दुखत असेल तर तिला चोळायचंच नाही. आत रक्ताची गुठळी असू शकते, ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. तेल बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठा.