सगळं निळंच

आज रविवार, सगळा निळ्यात गेला. वाकळेसाठी फक्त निळ्या चिंध्यांचे तुकडे जोडायचे ठरवलं होतं. बाबांचा आकाशी शर्ट, माझी जुनी इंडिगोची ओढणी, आईच्या इरकलीचा फाटका पदर आणि लक्ष्मीपुरीतून आणलेलं अर्धा मीटर मोरपंखी सुती. (गेले होते भाजी आणायला. असो.)

एकाच रंगात काय अवघड, असं वाटलं होतं. पहिला ठोकळा (चौकोन जोडून होणारा वाकळेचा एक भाग) जोडून लांबून बघितला तर नुसता निळा गोळा! नऊ चौकोन आहेत हे मलाच सांगावं लागलं असतं. मग सगळे तुकडे फरशीवर मांडून मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढला. त्यात खरं कळतं. मोरपंखी आणि इंडिगो वेगळे वाटतात, पण फोटोत दोन्ही एकाच करड्या छटेचे निघाले. त्यांच्यामध्ये आकाशी घातला, तेव्हा कुठं नक्षी उठली.

३ इंचांचे ९ चौकोन, ओळीत तीन, दोन शिलाया, प्रत्येकीत दोन्हीकडून पाव पाव इंच जातो, म्हणजे ठोकळा ८ इंच व्हायला हवा. माझा पावणेआठ. दोन्ही शिलायांनी थोडं थोडं जास्त कापड खाल्लं. उसवलं.

आई डोकावली. "काय शिवालीस गं? सगळं निळंच? एक लाल ठिगळ तरी लाव, दृष्ट लागंल."

इंडिगोची ओढणी आधी धुतली नव्हती, हे आत्ता आठवतंय. चार ठोकळे शिवून झाल्यावर. आता बादलीत एक तुकडा भिजत घातलाय, पाणी निळं होतंय.