जुन्या गाडीतला धुराचा वास
माझ्या जुन्या गाडीतून थोडे अंतर गेले तरी डोळे चुरचुरत आणि कपड्यांना धुराचा वास लागे; संशय अर्थातच सायलेन्सरवर होता, पण तो काढून पाहिला तर धडधाकट निघाला. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होत असल्यामुळे बाहेर पडलेला धूर तिथेच घुटमळतो आणि डिकीच्या फटीतून आत ओढला जातो, हे ध्यानात यायला मला जरा उशीरच झाला. डिकीच्या कडेवर कागदाची पट्टी ठेवून झाकण लावले आणि ती ओढून पाहिली. डाव्या कोपऱ्यात ती अलगद निसटून आली, कारण तिथले रबर कडक होऊन चपटे झाले होते. रबर बदलले, वास गेला. मात्र धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वासच नसतो, म्हणून त्याचा अलार्म आत बसवेपर्यंत मी काचा उघड्याच ठेवल्या.