हिरवा दिवा असताना आम्ही का थांबतो?

संध्याकाळी साडेपाचला आई आणि मी आमच्या चौकात फुटपाथच्या कडेला उभ्या असतो. समोर हिरवा माणूस लागलेला असतो, लोक भराभर पलीकडे जात असतात आणि आम्ही जागच्या हलत नाही. मग कोणीतरी म्हणतंच, "काकू, सुटलाय की सिग्नल, जा ना!" सोसायटीत तर बहुतेकांनी विचारून झालंय, हिरवा असताना तुम्ही दोघी थांबता कशाला, आणि बस थांबून वाट देते तरी तिच्यासमोर थबकता कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते. चौकातल्या हॉर्नच्या गोंगाटात ते सांगून होत नाही.

आई ८१ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून हातात काठी आहे. तिच्या मैत्रिणी बसतात ती बाग रस्त्याच्या पलीकडे. तिथे जायचं तिने सोडावं असं मला कधीच वाटलं नाही. म्हणून एका रविवारी पहाटे, रस्ता रिकामा असताना, टेप धरून मी तो मोजला. या फुटपाथपासून त्या फुटपाथपर्यंत २१ मीटर. हिरवा दिवा १८ सेकंद. सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असं धरतात. त्या हिशेबाने १८ सेकंदांत २१ मीटर बरोबर बसतात. पण आई त्या हिशेबात बसत नाही. सोसायटीच्या आवारात घड्याळ लावून तिला चालवलं, तर ती सेकंदाला ६० सेंटिमीटर जाते. म्हणजे १८ सेकंदांत पावणेअकरा मीटर. आणि दुभाजक आहे साडेदहा मीटरवर.

हिरवा लागल्या लागल्या पहिलं पाऊल टाकलं, तरच आई दुभाजकापर्यंत पोचते. पाच सेकंद उशिरा निघालो तर गाड्या सुटतात तेव्हा ती दुभाजकाच्या जवळजवळ तीन मीटर अलीकडे असते, रस्त्याच्या अगदी मध्यात. म्हणून आधीच लागलेला हिरवा आम्ही सोडून देतो, मग तो कितीही सेकंदांचा उरलेला असो. लाल होऊ देतो आणि पुढच्याची वाट बघतो. दुभाजकात झेब्रासमोर जी फट ठेवली आहे तिच्यात दोन माणसं जेमतेम मावतात. तिथे आई काठी अंगाशी घेते, माझं मनगट घट्ट धरते आणि आम्ही पुढच्या हिरव्यापर्यंत उभ्या राहतो. २१ मीटर जायला आम्हाला दोन सिग्नल लागतात.

धावत जा, हात धरून ओढून न्या, असंही लोक सुचवतात. आई धावू शकत नाही, आणि ओढलं तर तिचा तोल जातो. शिवाय समोरून येणारा चालकही आपल्या चालीवरून अंदाज बांधत असतो. एकसारखं चालणारं माणूस पुढच्या क्षणी कुठे असेल हे त्याला कळतं. मध्येच धावणारं, मध्येच मागे फिरणारं माणूस त्याला कळत नाही.

आता बसचं. बागेच्या मागच्या गेटसमोरही झेब्रा आहे, पण तिथे सिग्नल नाही. अशा ठिकाणी रस्ता ओलांडणाऱ्याला गाड्यांनी वाट द्यायची, हे वाहन चालवण्याच्या २०१७ च्या नियमांत स्पष्ट आहे. पुष्कळ बसचालक ते पाळतातही, थांबून हाताने "या" म्हणतात. मला त्यांच्याविषयी फार आदर आहे. पण बस थांबली म्हणजे रस्ता थांबला असं नसतं. बसच्या पलीकडून येणाऱ्याला आम्ही दिसत नाही, आम्हाला तो दिसत नाही, मध्ये बसची भिंत असते. ताशी ५० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात १४ मीटर कापते, आणि माणूस दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंत तेवढा वेळ जातोच.

गेल्या पावसाळ्यात आम्ही अशाच एका थांबलेल्या बससमोरून जात होतो. काठीचं टोक बसच्या कडेपुढे वीतभर गेलं असेल, तेवढ्यात एक बाइक सूंकन गेली. काठीच्या टोकाचं रबरी बूच उडून गटाराच्या जाळीपाशी पडलं. आई काही बोलली नाही. तिने मला ते बूच तेवढं आणायला सांगितलं. त्या दिवसापासून बसच्या कडेपाशी आम्ही थांबतो, आधी मी मान काढून बघते, हात दाखवते, समोरची गाडी खरंच थांबली की मग आई.

२०२२ मध्ये आपल्या देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती, दिवसाला नव्वदच्या आसपास. हा आकडा वाचला तेव्हा मला आधी आठवलं ते बूच.

सिग्नलची वेळ ३५ सेकंद करा, असा अर्ज मी दिला आहे. आकृती काढून, मापं लिहून. त्याचं काय व्हायचं ते होईल, मी विचारत राहीन. पण तुमच्यापैकी जे गाडीवर असतात त्यांना एक सांगायचं आहे. झेब्राच्या अलीकडे जी आडवी पांढरी रेघ असते, तिच्या मागे थांबा. तुमचं पुढचं चाक झेब्रावर आलं की आईला त्याला वळसा घालावा लागतो. त्या वळशाला तिला दोन-तीन सेकंद लागतात, आणि दुभाजकापर्यंत पोचताना तिच्याकडे शिल्लक असतो अर्धा सेकंद.