डावा पाच, उजवा सहा

नाशिकला मेन रोडवरच्या एका चपला-बुटांच्या दुकानात मी एकोणीस वर्षं काम करतोय. दिवसभर काय करता विचाराल तर माळ्यावर चढायचं, बॉक्स काढायचे, खाली यायचं, गुडघ्यावर बसायचं, लोकांचे पाय हातात घ्यायचे आणि परत माळ्यावर चढायचं, गुडघे गेलेत त्यातच. पण पाय ओळखता येतात. आत येणारा माणूस पायरी चढेपर्यंत मी मनात नंबर धरलेला असतो आणि तो बरोबरच असतो. अडचण अशी की पायाचा नंबर बरोबर असून उपयोग नसतो, बुटाचा नंबर खोटं बोलतो.

हे लोकांना सांगून पटत नाही. बॉक्सवर यूके ५ लिहिलेलं असतं ना, ते पायाचं माप नसतंच, ज्या साच्यावर बूट चढवतात त्या साच्याची लांबी असते ती. नंबर एकने वाढला की साचा एक तृतीयांश इंच वाढतो, म्हणजे साडेआठ मिलीमीटरच्या आसपास. इंग्रजांनी कधीकाळी जवाच्या दाण्यावरून ठरवलेलं हे माप, एक दाणा म्हणजे एक नंबर, आणि आपण अजून तेच चालवतोय. आता पायाच्या पुढे किती जागा ठेवायची हे ज्या त्या कंपनीच्या मर्जीवर, कोणी एक बोट ठेवतं, कोणी दीड, कोणी काहीच नाही. त्यात युरोपचा नंबर वेगळ्याच हिशोबाने चालतो, तिकडे एका नंबरला दोन तृतीयांश सेंटिमीटर, त्यामुळे एका बॉक्सवर पाचला ३८ लिहितात तर दुसऱ्यावर ३९. अमेरिकेचं तर विचारूच नका, तिथे बायकांचा नंबर वेगळा आणि पुरुषांचा वेगळा. आणि गिऱ्हाईक मला म्हणतं, अहो मी कायम सहाच घालते, तुमचाच माल गडबड आहे. (माझ्या बायकोच्या कपाटात एम, एल आणि एक डबल एक्सेल असे तीन कुर्ते आहेत, तिन्ही तिला बरोबर बसतात. पण कपड्याच्या दुकानात कोणी सेल्समनवर ओरडत नाही, आल्टर करून घेतात गुपचूप. बूट आल्टर होत नाही.)

तर जूनमधली गोष्ट. शाळेच्या बुटांचा सीझन, बाहेर पाऊस, दुकानात छत्र्यांचं पाणी, सहावीतली पोरं आणि त्यांच्या आया. 'वाढत्या अंगाचं द्या' म्हणून दोन नंबर मोठा बूट मागणाऱ्या आया हा एक वेगळाच विषय आहे, तो राहू द्या. दुपारी दोनच्या सुमारास शेठ जेवायला गेलेले, तेव्हा एक बाप आणि त्याची मुलगी आली. सुरगाण्याकडची. एसटीने आलेले, बापाच्या पायात रबरी चप्पल, मुलीच्या हातात पिशवी आणि पिशवीत ऑनलाइन मागवलेले रनिंगचे बूट. बूट परत करायची मुदत संपून गेली होती आणि आमचे नसलेले बूट मी घेऊ शकत नव्हतो, पण ती ते द्यायला आलीच नव्हती. तिला दुसरे हवे होते. पोलीस भरतीचं ग्राउंड आठवड्यावर आलेलं, मुलींना आठशे मीटर आणि शंभर मीटर पळावं लागतं, आणि हे बूट घालून तिच्या उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलं होतं.

मी बूट हातात घेतले तर डाव्यात पुढे कापूस कोंबलेला. म्हटलं हे काय, तर म्हणाली, "काका, माझा पायच नीट नाहीये. डावा सैल होतो, उजवा चावतो."

ते काय कोणास ठाऊक मला लागलं. पाच नंबर मागवलाय, पाच नंबर आलाय, म्हणजे चूक पायाचीच असणार, असं तिने आणि तिच्या बापाने धरूनच टाकलेलं.

म्हटलं बस. नाही, उभी राहा. इथे निम्मे सेल्समन चुकतात, गिऱ्हाइकाला बसवून माप घेतात. पाय मोजायचा तो दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन उभं करून, वजन पडलं की पाय पसरतो, लांबीलाही आणि चवड्यालाही. आणि शक्यतो संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय सुजतो, सकाळी घेतलेला बूट संध्याकाळी चावणारच. ती सकाळपासून एसटीत बसून आली होती, तिची दुपार म्हणजे संध्याकाळच. टाच पट्टीला नीट टेकवली आणि सरकता ठोकळा लांबातल्या बोटाला लावला. तिचं लांब बोट अंगठा नव्हे, शेजारचं. डावा दोनशे छत्तीस मिलीमीटर, उजवा दोनशे चव्वेचाळीस. अख्ख्या एका नंबरचा फरक. दोन पाय थोडे कमीजास्त बहुतेकांचे असतात, माझेही आहेत, पण एवढा फरक मी एकोणीस वर्षांत चार-पाच वेळाच पाहिलाय. आणि चवडा हा रुंद, बोटं मोकळी पसरलेली. लहानपणापासून अनवाणी पळालेला पाय. वाकडाबिकडा काही नाही, उलट इतका धडधाकट पाय आमच्या दुकानात क्वचित येतो, इथे टोकदार सँडल घालून अंगठे आत वळलेल्या बायकाच जास्त.

मी तिला सांगितलं की पोरी, पाय उत्तम आहे, बूट चुकीचे आहेत. कविता राऊत आपल्या हरसूलकडच्या सावरपाड्याची, २०१० च्या कॉमनवेल्थला दहा हजार मीटरमध्ये ब्राँझ आणलं, तिचं नाव काढल्यावर बाप जरा हसला. चेन्नईच्या चामडं संशोधन संस्थेने एक लाखावर भारतीयांचे पाय मशीनवर मोजून आपल्यासाठी 'भा' नावाची वेगळी मापं सुचवलीत तेही सांगितलं, आपले पाय रुंद असतात असंच त्यातही निघालं. माझ्या माळ्यावर मात्र सगळे बॉक्स अजून यूकेचेच.

पुढचा पाऊण तास मी शाळेची गर्दी नव्या पोरावर सोडून दिली. चार कंपन्यांचे पाच आणि सहा काढले. आतलं सोल बाहेर काढून जमिनीवर ठेवलं आणि तिला त्यावर उभं केलं, ही साधी युक्ती आहे, पाय सोलच्या बाहेर सांडत असेल तर तो बूट बघायचाच नाही. तीन कंपन्या तिथेच बाद. चौथ्याला चवडा मावला, काळ्या रंगाचा, सतराशेचा जोड. डाव्याला पाच चपखल, उजव्याला सहा चपखल. उजव्याची लेस चवड्यावरचं एक भोक सोडून ओवली म्हणजे तिथे दाब येत नाही. तिने दुकानाबाहेर पावसात शालिमारच्या दिशेने वीस पावलं पळून दाखवलं, परत आली, काही बोलली नाही, फक्त परत एकदा पळाली.

बापाने विचारलं, "दोन जोड घ्यावे लागतील ना, साहेब?" आणि खिशातल्या नोटा न मोजताच त्याला माहीत होतं किती आहेत ते.

सुटा बूट विकायचा नाही हा शेठचा नियम आहे, आणि नियम चुकीचा नाही, उरलेल्या विजोडाचं करायचं काय? कंपनी तर परत घेत नाहीच. एवढे कॉम्प्युटर आले, पण दोन पाय वेगळे असलेल्या माणसाला सुटा बूट देऊ असं एकाही डिस्ट्रिब्युटरला वाटत नाही. मी डावा पाच आणि उजवा सहा सहाच्या बॉक्समध्ये घातला, सहाचं बिल केलं आणि दिलं. उरलेला डावा सहा आणि उजवा पाच, तो पाचच्या बॉक्समध्ये. पगार झाला की हा जोड आपल्या नावावर टाकू असं ठरवून बॉक्स माळ्यावर मागच्या रांगेत सारला. वर पेनाने खूण करायला हवी होती. केली नाही, कारण शेठने पाहिली असती.

रविवारी गर्दी होती. सोमवारी बॉक्स जागेवर नाही. नव्या पोराला विचारलं तर म्हणाला, "तो पाच का? एका मॅडमना दिला की. चालायला जातात म्हणे रोज. एकदम फिट बसला."

दोन्ही पायात घातला होता का विचारलं. तर तो माझ्याकडे बघतच राहिला, कारण कोणीच दोन्ही घालत नाही हो. लोक उजवा घालतात, आरशात बघतात, पॅक करा म्हणतात. मी गेली कित्येक वर्षं ओरडतोय, दोन्ही घाला, चालून बघा, तर लोकांना घाई, आणि आमच्या पोरांना तर त्याहून जास्त.

महिनाभर मी दारात कोणी बॉक्स घेऊन आलं की आधी बॉक्सचा रंग बघायचो. पाच दिवसांत बदलून देतो असं बिलावरच छापलंय. त्या बाई आल्या नाहीत. बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला नंबर छापलेला असतो, एकात पाच आणि एकात सहा, तोही त्यांनी पाहिला नसणार, किंवा पाहिला असेल आणि वाटलं असेल की असंच असतं. मला दुसरंच जास्त टोचतं, कारण एवढी वर्षं मी लोकांना हेच तर सांगत आलोय की नंबरावर जाऊ नका.

सुरगाण्याच्या पोरीचं काय झालं ते कळलं नाही, बापाचा नंबर घ्यायचं सुचलंच नाही. शेठला मी अजून सांगितलेलं नाही. मार्चमध्ये स्टॉक मोजला, काळ्या मॉडेलचा पाच एक विकलेला, सहा एक विकलेला, बिलं दोन, रजिस्टर चोख जुळलं, शेठ म्हणाले बघ, असा हिशोब ठेवायचा असतो.

सकाळी गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकला मी पण जातो, डॉक्टरने सांगितलंय गुडघ्यांसाठी. काळे बूट दिसले की मी मागून हळूच चालत राहतो आणि बघतो, डाव्या पायाची टाच बुटातून उचलतेय का.